पाणी कुणीकडे चालले आहे? : एका गोवे-पटाचे वाचन

मराठी ग्रंथव्यवहाराच्या अभ्यासात चित्राला बहुधा सजावटीचे स्थान मिळते. संहिता ती खरी. चित्र हे तिच्या अंगावरचे लेणे, ते काढून ठेवले तरी अर्थाला बाध येत नाही, असे गृहीत धरून अभ्यासक पुढे जातो. सोळाव्या-सतराव्या शतकांतील युरोपीय प्रवासग्रंथांच्या बाबतीत तर हे दुर्लक्ष दुहेरी आहे. त्या ग्रंथांतील मजकूर इतिहासकारांनी वाचला, त्यातील शब्द भाषाशास्त्रज्ञांनी टिपले, पण त्यांतील पट मात्र दिवाणखान्यांच्या भिंतींवर चौकटीत गेले. यान हाइघेन व्हान लिन्शोटेन याच्या 'इटिनेरारिओ' या ग्रंथातील गोव्याच्या बेटाचा पट याच मार्गाने गेलेला आहे. कॉर्नेलिस क्लास याने हा ग्रंथ 1596मध्ये आम्स्टरडाम येथे प्रसिद्ध केला. त्यातला घडीचा मोठा पट बाप्तिस्ता व्हान डूटेकम याने 1595मध्ये तांब्याच्या पत्र्यावर कोरला.

हा पट वाचण्याचा प्रयत्न करणारा एक संशोधक विद्यार्थी तलवाड्याचा होता. बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यातले हे गाव टेकडीवरच्या त्वरिता देवीसाठी परिसरात ओळखले जाते. काळी जमीन, कापूस, ज्वारी, हंगाम सरला की ऊसतोडीला निघणाऱ्या बैलगाड्या आणि ट्रक, उत्तरेकडे गोदावरी. समुद्राचा संबंध म्हणाल तर कीर्तनातल्या भवसागरापुरता. थॉमस स्टीफन्सच्या क्रिस्तपुराणावर प्रबंध लिहायचा म्हणून तो छत्रपती संभाजीनगरच्या (तेव्हाच्या औरंगाबादच्या) विद्यापीठात दाखल झाला. 1616मध्ये रायतूर येथे रोमी लिपीत छापलेल्या त्या पुराणाचा कर्ता ज्या भूमीत वावरला ती कशी दिसत होती, या साध्या कुतूहलापोटी तो लिन्शोटेनच्या पटापाशी पोहोचला. 'मराठीच्या प्रबंधात हा नकाशा कशाला?' असा प्रश्न त्याला प्रारंभीच विचारला गेला. प्रश्न विचारणाऱ्यांचा रोख अगदीच चुकीचा नव्हता. चित्राने काही सिद्ध होत असेल तर ते प्रबंधात यावे, नपेक्षा वगळावे, ही शिस्त रास्तच आहे. पट काही सिद्ध करतो की नाही, हे मात्र तो वाचल्यावाचून कळणार नव्हते.

पट पाहणाऱ्याला प्रथम जाणवते ती त्याची श्रीमंती. तिसवाडीचे बेट, त्याला वेढणाऱ्या मांडवी आणि जुवारी, पलीकडे बारदेश व साष्टी, पाण्यात डोलणारी जहाजे, शहरातील रस्ते आणि चर्चे, त्यांची पोर्तुगीज नावे, दिशादर्शक चक्र, राजचिन्ह. दृष्टी पक्ष्याची आहे. इतक्या उंचीवरून हे बेट त्या काळी कोणीही पाहिलेले नव्हते. लिन्शोटेन गोव्यात आला तो सप्टेंबर 1583मध्ये, आर्चबिशप व्हिसेंत द फोन्सेका यांचा चिटणीस म्हणून, आणि सुमारे पाच वर्षे राहिला. रेखाटने त्याची. ज्याने ती तांब्यावर उतरवली त्या डूटेकमने गोवे पाहिले नव्हते, हिंदुस्थानचा किनाराही पाहिला नव्हता. त्याच्या हाताला उत्तर समुद्राच्या लाटा ठाऊक होत्या, हॉलंडचे कालवे ठाऊक होते. मांडवीचे पाणी त्याने त्या सवयीनेच कोरले असणार. तलवाड्याच्या विद्यार्थ्याला ही बाब विलक्षण दिलासा देणारी वाटली. ज्याने चित्र कोरले त्याने तो समुद्र पाहिला नव्हता, आणि जो ते वाचू पाहत होता त्यानेही नाही. दोघांमध्ये चारशे वर्षांचे अंतर असले तरी अज्ञानाची पातळी सारखी होती.

याहून जुन्या एका चित्राशी हा पट ताडून पाहिला म्हणजे त्याचा वेगळेपणा कळतो. गेओर्ग ब्राउन आणि फ्रान्स होगेनबेर्ग यांच्या नगरचित्रसंग्रहाच्या 1572मधील पहिल्या खंडात गोव्याचे एक छोटे दृश्य आहे. कोलोन येथे निघालेल्या त्या ग्रंथात गोव्याला स्वतंत्र पानही मिळालेले नाही. दीव आणि मोरोक्कोच्या किनाऱ्यावरील दोन शहरे यांच्यासोबत त्याला एका पानात दाटीने बसवले आहे. मथळ्यात शहर ख्रिस्ती सत्तेखाली आल्याचे वर्ष 1509 दिले आहे. अल्बुकर्कने ते निर्णायकपणे घेतले 25 नोव्हेंबर 1510 रोजी. घरे, बुरूज, तटबंदी सारी युरोपातल्या कोणत्याही नगराला शोभतील अशी. तेथे गोवे हे केवळ एक नाव आहे. लिन्शोटेनच्या पटात ते एक स्थळ झाले आहे. म्हणूनच तो अधिक विश्वासार्ह वाटतो, आणि म्हणूनच अधिक जपून वाचावा लागतो. वाईट चित्र कोणाला फसवत नाही.

तिसरे चित्र दर्यावर्द्याचे. पुढे व्हाइसरॉय झालेल्या जुआंव द काश्त्रू याने 1538-39च्या मोहिमेत गोव्यापासून दीवपर्यंतच्या किनाऱ्याची मार्गदर्शिका तयार केली आणि तिच्यासोबत बंदरांचे रंगीत पट काढले. हस्तलिखितात राहिलेला हा ग्रंथ छापला गेला तो थेट 1843मध्ये, पोर्तू येथे. काश्त्रूची नजर गलबतावरची आहे. त्याला जमीन हवी ती खूण म्हणून. कोठे डोंगर दिसला की कोठे वळायचे, कोठे पाणी किती खोल, एवढेच त्याला सांगायचे असते. लिन्शोटेनच्या पटाला असा कामाचा तगादा नाही. तो आम्स्टरडामच्या ग्राहकाला एक संपूर्ण जग एका नजरेत दाखवतो. आणि एका नजरेत दाखवायचे म्हणजे जमीन कोठे संपते व पाणी कोठे सुरू होते हे ठाम ठरवावे लागते. पटातील किनारारेषा म्हणूनच कणखर आहे. तांब्यावर कोरणाऱ्याला ती टाळताही येत नाही, कारण त्या तंत्रात रेष असते किंवा नसते.

(आपल्याकडे तांब्याच्या पत्र्याची परंपरा निराळी आहे, हे येथे जाता जाता नोंदवण्याजोगे आहे. शिलाहारांपासून यादवांपर्यंतचे ताम्रपट गाव दान देताना त्याच्या चतुःसीमा शब्दांत सांगतात: पूर्वेस अमुक गाव, दक्षिणेस अमुक ओढा. तेथे सीमा वाचावी लागते, दिसत नाही. आणि ओढा सरकला तर तंटा होतो, पण ताम्रपट खोटा ठरत नाही.)

या रेषेपाशी विद्यार्थ्याचे वाचन बराच काळ अडून राहिले. पुढे जाण्याची वाट त्याला मिळाली ती ग्रंथालयात नव्हे. सुटीत तो गावी गेला तेव्हा पटाची मोठी छायाप्रत त्याच्या पिशवीत होती. ओट्यावर पसरलेल्या त्या कागदाकडे त्याची आजी बराच वेळ पाहत राहिली. तिला अक्षरओळख नव्हती. माणसे, घरे, नावा तिने बरोबर ओळखल्या. चर्चला तिने देऊळ म्हटले. मग पाण्यावर बोट ठेवून तिने विचारले, "ह्ये पानी कुनीकडं चाललंय?"

"आज्जी, ही खाडी हाय. समुद्राचं पाणी."

"आसंल. पर पानी म्हनल्यावर कुनीकडं तरी जाईलच की, बाळा."

गोदावरीच्या काठच्या माणसाचा हा पहिला प्रश्न आहे, आणि तो केवळ भाबडेपणाचा नाही. गंगथडीत दिशा सांगतात त्या पुष्कळदा पाण्याच्या ओघावरून: वरल्या अंगाला, खालल्या अंगाला, ऐलथडी, पैलथडी. गंगा म्हणजे गोदावरीच. तिचा ओघ ठाऊक नसेल तर गाव कोठे आहे हे सांगता येत नाही. पूर्वेकडे वाहणारे पाणी पैठणाहून येते आणि मंजरथाकडे जाते, तेथे सिंदफणा तिला मिळते. चित्रातल्या पाण्याला मात्र ओघ नव्हता. डूटेकमने सारख्या अंतरावर कोरलेल्या लाटा ते पाणी आहे एवढेच सांगत होत्या.

विद्यार्थी ग्रंथाकडे परतला तो हा प्रश्न घेऊन, आणि उत्तर पटात नसले तरी मजकुरात होते. लिन्शोटेन सांगतो की पावसाळ्याच्या तोंडाशी गोव्याच्या बंदराचे मुख वाळूने भरून येते आणि जहाजांची ये-जा थांबते. पावसाळा सरला की वाट पुन्हा मोकळी होते. म्हणजे ज्याने चित्र काढले त्याला हे पाणी ऋतूनुसार बदलते हे पक्के ठाऊक होते. मांडवी ही भरतीच्या वेळी आत वाहते, ओहोटीला बाहेर. उन्हाळ्यात तिचे खारे पाणी मैलोगणती आत शिरते, पावसाळ्यात घाटावरून आलेला तांबडा लोंढा ते मागे रेटतो. पाणी कुणीकडे चालले आहे, या प्रश्नाचे खरे उत्तर 'दोन्हीकडे' असे आहे. आणि स्थिर चित्राला तेच एक उत्तर देता येत नाही. येथे चित्र मजकुराचे लेणे राहत नाही. मजकूर ज्या काळाबद्दल बोलतो तो काळ चित्राने पुसून टाकला आहे, आणि ते पुसणे पाहायचे तर दोन्ही एकत्र वाचावे लागतात. प्रबंधात पट का, या प्रश्नाला त्याने दिलेले पहिले उत्तर हे होते.

दुसरे उत्तर अधिक खोल जाते. पटातील बेटाच्या कडेने जेथे रेष ओढलेली आहे तेथे प्रत्यक्षात खाजन आहे. गोव्यातील खाजन म्हणजे खाडीच्या पातळीला, काही ठिकाणी तिच्याही खाली असलेली, माती, पेंढा आणि जांभा दगड यांच्या बांधांनी राखलेली जमीन. बांधात 'मानस' नावाचे दार असते. भरती आली की ते पाण्याच्या रेट्यानेच मिटते, ओहोटी लागली की उघडते. पावसाने माती धुऊन निघाल्यावर तेथे कोरगुटासारखे खारेपणा सोसणारे भात पिकते आणि मानशीच्या तोंडाशी मासे मिळतात. हे बांध एकट्या कोणाचे नसत. गावकऱ्यांच्या संस्थेने ते राखायचे, फुटले तर सर्वांनी धावायचे. पोर्तुगीजांनाही ही व्यवस्था मोडणे परवडले नाही. 1526मध्ये अफोंसू मेशिया याने तिसवाडीच्या गावकऱ्यांचे हक्क व रूढी 'फोराल' नावाच्या दस्तऐवजात लिहून घेतल्या, म्हणजे पट कोरला जाण्याआधी 69 वर्षे. सत्तेच्या दप्तरात ही भूमी होती. सत्तेच्या चित्रात ती नाही. चित्रात एका बाजूला जमीन आहे, दुसऱ्या बाजूला पाणी. अधूनमधून जमीन आणि अधूनमधून पाणी असणारे तिसरे काही नाही.

खाजन म्हणजे काय हे विद्यार्थ्याला पुस्तकावरून समजले, पण पटले ते गाळपेरीमुळे. पैठणजवळ गोदावरीवर बांधलेल्या जायकवाडीच्या धरणाची पायाभरणी 1965मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि 1976मध्ये धरण पुरे झाले. सुमारे दहा किलोमीटर लांबीच्या मातीच्या भिंतीमागे जे पाणी साठले त्याला नाथसागर असे नाव मिळाले. म्हणजे समुद्र पाहिला नाही असे म्हणणाऱ्या या टापूला एक सागर मिळाला, आणि तोही एकनाथांच्या नावाचा. उजव्या कालव्याने त्याचे पाणी गेवराईवरून माजलगावाकडे जाते, कापसाच्या रानात ऊस उभा राहतो. तो लाभ लहान नाही. पण आजीचे माहेर त्या पाण्यात गेले होते. उन्हाळ्यात पाणी ओसरले की जुन्या विहिरींची तोंडे, पारांचे दगड, कोठे देवळाचे जोते वर येते. ओसरलेल्या पाण्यामागे उघडी पडणारी ती गाळाची जमीन काही महिन्यांसाठी कसायला देतात, तिला गाळपेर म्हणतात. सरकारी नकाशात हा सारा भाग निळा आहे. आजीच्या भावांनी मात्र त्या निळ्या रंगावर ज्वारी आणि टरबुजे काढली होती. नकाशा खोटा आहे असे त्यांच्यापैकी कोणी कधी म्हटले नाही. त्यांना नकाशाशी कर्तव्य एवढेच होते की भरपाई त्या रेषेवर ठरली.

या अनुभवावरून विद्यार्थ्याने प्रारंभी जो निष्कर्ष काढला तो असा की पटातील रेष ही परक्या, जिंकणाऱ्या नजरेची रेष असून स्थानिक जीवनात तिला स्थान नव्हते. नव्वदीच्या दशकात असे निष्कर्ष विद्यापीठांतून सहज स्वीकारले जात. मात्र स्टीफन्सच्या काळाचा अभ्यास पुढे सरकला तशी त्याला या विधानाला मुरड घालावी लागली. तिसवाडी, बारदेश आणि साष्टी येथील देवळे सोळाव्या शतकात पाडली गेली. तेव्हा कुशस्थळीचा मंगेश जुवारी ओलांडून प्रियोळला गेला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. पलीकडचे अंत्रुज आदिलशाहीत होते. देव घेऊन होडीत बसलेल्या माणसांना पाण्याची ती रेष अतिशय खरी होती. ऐलतीरावर मूर्ती फुटत होती, पैलतीरावर तिला नैवेद्य मिळत होता. 25 जुलै 1583 रोजी साष्टीतील कुंकळ्ळी येथे पाच जेझुइट मारले गेले. त्यांची प्रेते ताब्यात घेण्याच्या कामी स्टीफन्स स्वतः होता. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच लिन्शोटेनचे जहाज गोव्याला लागले. त्याच्या पटातील साष्टी शांत आहे. म्हणजे एकच रेष खाजनाच्या बाबतीत खोटी, देवाच्या बाबतीत खरी, आणि कुंकळ्ळीच्या बाबतीत मुकी. तिच्याबद्दल एकच विधान करून भागत नाही.

पटाच्या कडेबाहेर काय होते, हाही वाचनाचाच भाग आहे. त्या वेळी बीडचा मुलूख अहमदनगरच्या निझामशाहीत होता. पोर्तुगीज त्या सुलतानाला निझामालुको म्हणत आणि घाटमाथ्यावरच्या साऱ्या देशाला बालाघाट. म्हणजे बीड जिल्ह्यातून जाणाऱ्या डोंगररांगेचे नाव लिस्बनच्या आणि आम्स्टरडामच्या वाचकाला ठाऊक होते, एका धूसर पसरट अर्थाने का होईना. निझामशाहीपाशी तेव्हा चौलचे बंदर होते. 1570-71मध्ये मुर्तझा निझामशहाने पोर्तुगीज चौलला वेढा दिला, त्याच सुमारास आदिलशहा गोव्यासमोर ठाकला होता. तलवाड्याचा शेतसारा ज्या खजिन्यात जाई त्याला दर्या अपरिचित नव्हता. पुढे चित्र पालटले. हैदराबाद संस्थानाला समुद्रच उरला नाही. 1947-48च्या सुमारास मुरगाव बंदर हाती यावे म्हणून निझामाने पोर्तुगालशी हालचाली करून पाहिल्या, त्या निष्फळ ठरल्या आणि सप्टेंबर 1948मध्ये संस्थान विलीन झाले. मराठवाडा समुद्रापासून दूर आहे हे भूगोलाचे विधान जितके आहे तितकेच राजकारणाचे.

लिन्शोटेन गोव्यात रेखाटने करीत होता त्याच वर्षांत, शके 1506 म्हणजे 1584मध्ये, एकनाथ पैठणला ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध करीत होते. बीडला सलाबतखानाच्या काळात 1582च्या सुमारास खजाना बावडी खोदली गेली, जी उन्हाळ्यातही आटत नाही म्हणून प्रसिद्ध आहे. एकाच दशकात एकाने पाणी तांब्यावर कोरण्याची सामग्री जमवली, दुसऱ्याने ते खडकातून काढले, आणि तिसरा ज्या भाषेचा पाठ शुद्ध करीत होता तीत सागर हा शब्द पदोपदी येत होता. पण तो सागर कोणता? संतांच्या भवसागराला पैलतीर असतो. तो तरून जायचा असतो, नाव असते, नावाडी असतो, पायउतारही सापडतो. समुद्रावरच्या माणसाला पैलतीर दिसत नाही. हा संकेत संस्कृतातूनच चालत आला, असे यावर म्हणता येईल आणि ते खरेही आहे. तरीही देशावरच्या श्रोत्याने तो इतका सहज स्वीकारला याचे कारण त्याच्या डोळ्यांसमोर पुराची गोदावरी होती, असे मानणे गैर ठरू नये. मराठी भक्तिपरंपरेचा समुद्र हा बव्हंशी एक अफाट नदी आहे. स्टीफन्स हा खरा समुद्र ओलांडून 1579मध्ये गोव्याला आलेला मनुष्य. त्याने पुराणाची ओवी उचलली तेव्हा तिच्याबरोबर हा नदीसारखा समुद्रही त्याच्या वाट्याला आला. प्रबंधाचा सर्वांत चांगला भाग या मुद्द्यावरचा आहे, आणि तो पटाखेरीज सुचला नसता.

प्रबंध पुरा होण्यापूर्वी विद्यार्थी एकदा गोव्याला जाऊन आला. कुठ्ठाळीला, जेथून मंगेश हलवला गेला तेथे, जुवारीच्या काठी तो सकाळपासून दुपारपर्यंत बसला आणि पाणी आधी आत जाताना, मग काही वेळ थबकलेले आणि नंतर बाहेर निघालेले त्याने पाहिले. परत आल्यावर त्याने आजीला सांगितले की ते पाणी दोन्हीकडे चालते, आणि देव त्याच पाण्यावरून पलीकडे नेला. धरणात गाव गेले तेव्हा तिच्या माहेरचा मारुतीही बैलगाडीतून नव्या गावठाणात आणला गेला होता. त्यामुळे देव हलवावा लागतो ही गोष्ट तिला समजावून सांगावी लागली नाही. तिने थोडा विचार करून विचारले, "मंग देव नेला तवा पानी कुनीकडं चाललं व्हतं?"

प्रश्न व्यवहाराचा होता. जुवारी ओलांडून वरच्या अंगाला, अंत्रुजाच्या खाडीत शिरायचे तर भरती हवी. ओहोटीवर तीच होडी समुद्राकडे ओढली जाते. विद्यार्थ्याच्या वहीत पटाच्या छायाप्रतीमागे हा प्रश्न आजीच्याच शब्दांत लिहिलेला आहे आणि त्याखाली कुठ्ठाळीला त्या दिवशी पाणी फिरल्याची वेळ.